चार्जिंगचे सेल घरात आणताना: कुठे घालावेत, कसे भरावेत, पावसाळ्यात कसे सांभाळावेत

आपल्याकडे ‘बॅटरी’ म्हटले की निम्म्या घरांना हातातला टॉर्चच आठवतो, म्हणून आधी शब्द ठरवून घेऊ. टॉर्चमध्ये, रिमोटमध्ये, माईकमध्ये जी नळी घालतो ती सेल. पेन्सिल सेल म्हणजे डबल ए: १४.५ मिमी जाड, ५०.५ मिमी लांब. छोटा पेन्सिल म्हणजे ट्रिपल ए: १०.५ मिमी जाड, ४४.५ मिमी लांब. गॅस गीझरमध्ये जातो तो जाडा सेल म्हणजे डी. आणि चार्जिंगचा सेल म्हणजे निकेल-मेटल हायड्राइड. त्याच्या वेष्टनावर ‘एनआय-एमएच’ आणि ‘१.२ व्होल्ट’ असे छापलेले असते.

चार सेल आणि सोबत फुकट आलेला चार्जर घरी आणायचा, त्यातले दोन भिंतीवरच्या घड्याळात आणि दोन टीव्हीच्या रिमोटमध्ये घालायचे, आणि वर्षभराने म्हणायचे, काही फायदा नाही. बहुतेक घरांत असेच होते. जिथे सेल वर्षभर टिकतोच तिथे चार्जिंगचा घालून वाचणार काय? म्हणून सुरुवात दुकानापासून करू नका, घरापासून करा.

१. घरभर फिरून यादी करा

कागद घेऊन खोल्या फिरा. सेलवर चालणारी प्रत्येक वस्तू लिहा, तिच्यात कुठले आणि किती सेल जातात ते लिहा, आणि शेवटचे सेल कधी बदलले ते आठवून लिहा. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. दोन-तीन महिन्यांत एकदा तरी सेल बदलावे लागतात त्या वस्तूंना चार्जिंगचे घाला. वर्षातून एकदा बदलता त्यांना साधेच राहू द्या.

पहिल्या गटात साधारणपणे हे येते: मुलांची चालणारी-वाजणारी खेळणी, गेमचा कंट्रोलर, बिनतारी माऊस, कॅमेऱ्याचा फ्लॅश, रोज हातात असलेला टॉर्च, रक्तदाब मोजायचे यंत्र (रोज वापरत असाल आणि त्याच्या पुस्तिकेत चार्जिंगचे चालतील असे लिहिले असेल तर), चवथीला मखरात सोडायच्या सेलवरच्या दिव्यांच्या माळा, आणि भजनी मंडळाचा किंवा नाटकाचा कॉर्डलेस माईक. हा माईक घरातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त सेल खातो. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर.

घड्याळाला साधा सेलच. त्याचे सर्किट इतकी थोडी वीज ओढते की साधा सेल वर्ष सहज काढतो. फक्त संपलेला सेल आत विसरू नका, तो पाझरतो. दर पाडव्याला घड्याळाचा सेल बदलायचा, चालू असला तरी, अशी सवय लावली की प्रश्न मिटतो.

टीव्हीचा रिमोट दोन्हीकडे चालतो. पैशांची बचत नाही, पण चार्जिंगचे सेल साध्यांच्या मानाने फारच कमी पाझरतात, आणि आपल्या हवेत पाझरलेला सेल म्हणजे रिमोटची पत्री गेलीच समजा.

गॅस गीझरमध्ये चार्जिंगचे सेल घालू नका. तिथे दोन डी सेल मिळून ३ व्होल्ट देतात आणि त्यावर ठिणगी पडते. चार्जिंगच्या दोन सेलांचे होतात २.४. काही गीझर त्यावर पेटतात, काही नुसते टिकटिक करत बसतात, आणि सकाळी अंघोळीच्या वेळी हा प्रयोग कोणाला नको असतो. शिवाय बाजारात स्वस्त मिळणाऱ्या चार्जिंगच्या बऱ्याच डी सेलांच्या आत पेन्सिल सेलाएवढाच माल असतो, बाकी पोकळी. उचलून पाहिलात तर वजनावरूनच कळते.

२. १.२ आणि १.५ चा गोंधळ

‘याच्यावर १.२ लिहिलेय, आमचे यंत्र १.५ मागतेय, चालेल का?’ हा नवख्यांचा पहिला प्रश्न. बहुतेक ठिकाणी चालते. साधा सेल १.५ वर सुरू होतो खरा, पण वापरू लागताच उतरत जातो आणि निम्म्या वाटेवर तोही १.२ च्या आसपास येतो. चार्जिंगचा सेल चार्जरवरून काढताना १.४ च्या जवळ असतो, लवकरच १.२५ ला स्थिरावतो आणि जवळजवळ शेवटपर्यंत तिथेच राहतो. मग एकदम कोसळतो.

त्यातून दोन गोष्टी निघतात. एक, यंत्रावरचे सेलचे चिन्ह खोटे बोलते. ते १.५ ला शंभर टक्के धरते, त्यामुळे पूर्ण भरलेले सेल घालूनही पाऊणच दाखवते, आणि निकामी व्हायच्या आधी इशारा फार उशिरा देते. दुसरे, जिथे चार-सहा सेल रांगेत असतात तिथे प्रत्येकी ०.३ व्होल्टची तूट साठत जाते: चार सेलांचे ६ ऐवजी ४.८. रक्तदाबाची काही यंत्रे यावर ‘सेल कमी’ म्हणून अडून बसतात. यंत्राच्या पुस्तिकेत चार्जिंगचे सेल चालतील असे लिहिलेले नसेल तर तिथे अल्कलाइनच (साध्या सेलांतली जास्त टिकणारी, महाग जात) ठेवा; औषधाचा डोस ज्या आकड्यावर ठरतो तिथे काटकसर नको.

३. काय विकत घ्यायचे

सुरुवातीला एवढे पुरते:

– पेन्सिल सेल ८, क्षमता १९०० ते २१०० एमएएच (मिलिअँप-तास, म्हणजे सेलात किती वीज मावते त्याचे माप)
– छोटे पेन्सिल ४, क्षमता ७५० ते ८०० एमएएच
– चार वेगवेगळे कप्पे असलेला स्मार्ट चार्जर
– तो यूएसबीवरचा असेल तर ५ व्होल्ट २ अँपचा अडॅप्टर
– घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची डबी आणि सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या
– न पुसणारे मार्कर पेन, कानात घालायच्या कापसाच्या काड्या
– मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचे यंत्र), असला तर उत्तम

सेलच्या वेष्टनावर ‘रेडी टू यूज’, ‘प्री-चार्ज्ड’ किंवा ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ यांपैकी काहीतरी हवे. जुन्या पद्धतीचा निकेल-मेटल हायड्राइड सेल नुसता पडून महिन्याभरात वीस-तीस टक्के वीज गमावतो, उकाड्यात त्याहून जास्त. कमी गळतीचा सेल वर्षभर कपाटात राहिला तरी बहुतांश भरलेला असतो. ही जात २००५ च्या अखेरीस जपानच्या सान्योने ‘एनेलूप’ नावाने आणली. आता ती पॅनासॉनिककडे आहे आणि इतरही कंपन्या असे सेल विकतात.

मोठ्या आकड्याला भुलू नका. २५०० ते २७०० एमएएचचे खरे सेल मिळतात, पण तेवढ्याच नळीत जास्त माल कोंबलेला असल्यामुळे ते सहसा कमी फेऱ्या टिकतात आणि पडून लवकर रिते होतात. फ्लॅशला ठीक, घराला नको. आणि पेन्सिल सेलवर ३५००, ४६०० असे काही छापले असेल तर तो सेल हातातही घेऊ नका. निकेलच्या पेन्सिल सेलात २८०० च्या पुढे काही मावत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा इथे कामी येतो: खरा पेन्सिल सेल २६ ते ३१ ग्रॅम भरतो, छोटा १२-१३. सोळा-सतरा ग्रॅमचा पेन्सिल सेल म्हणजे आत फारसे काही नाही.

पैशांचा हिशेब सोपा आहे. धरून चाला, आठ सेल आणि चार्जर मिळून २४०० रुपये गेले आणि अल्कलाइन सेल ४० रुपयांना पडतो. म्हणजे साठ अल्कलाइन सेलांची किंमत; आठांत वाटली तर प्रत्येक सेल सात-आठ वेळा भरला की पैसे वसूल. सेल शेकडो वेळा भरतो. विजेचे बिल धरायचीच गरज नाही: एका युनिटमध्ये शंभराहून जास्त पेन्सिल सेल भरून निघतात. तुमच्या दुकानातले भाव घालून हेच गणित करा.

दोन सापळे इथेच सांगून टाकतो. पेन्सिल सेलाच्याच मापाचा १४५०० नावाचा लिथियम सेल मिळतो, पण तो ३.७ व्होल्टचा असतो आणि भरला की ४.२. असे दोन रिमोटमध्ये घातले तर ३ च्या जागी ८ व्होल्टच्या वर जातात आणि रिमोट संपतो. दुसरा प्रकार म्हणजे पोटातच यूएसबीचे भोक असलेला १.५ व्होल्टचा लिथियम सेल. तो चांगला चालतो, शेवटपर्यंत १.५ देतो, पण आतल्या सर्किटमुळे मिडियम वेव्हवरच्या रेडिओत खरखर येऊ शकते, आणि तो निकेलच्या चार्जरमध्ये कधीही घालायचा नाही. चपट्या बटण सेलांतही तीच गत: सीआर २०३२ च्या जागी चार्जिंगचा एलआयआर २०३२ बसतो, पण तो ३ व्होल्टचा नाही, भरल्यावर ४.२ चा असतो.

४. चार्जरवर पैसे घाला

चांगले सेल मरतात ते वाईट चार्जरमुळे. स्वस्त चार्जर दोन प्रकारे सेल मारतो.

पहिला प्रकार जोडीचा. ‘फक्त २ किंवा ४ सेल एकाच वेळी भरा’ असे खोक्यावर असेल तर तो दोन-दोन सेल एकामागे एक जोडून भरतो. जोडीतला एक अर्धा भरलेला आणि एक रिकामा असेल तर पहिला उतू जातो, दुसरा उपाशी राहतो. दर फेरीला दोघांतले अंतर वाढते. दुकानात ओळखायची खूण: प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र दिवा आहे का, आणि एकटा सेल घातला तर भरतो का.

दुसरा प्रकार घड्याळाचा (ठरलेल्या वेळेनेच बंद होणारा) किंवा घड्याळही नसलेला. सेल किती भरलाय ते न बघता वीज देत राहायची. स्मार्ट चार्जर वेगळे काय करतो? निकेलचा सेल पूर्ण भरला की आलेली वीज साठत नाही, उष्णता होते, आणि सेलचा व्होल्टेज किंचित, पाचेक मिलिव्होल्ट, खाली येतो. चार्जर त्या उतारावर नजर ठेवून थांबतो. ही खूण नीट दिसायला मात्र वीज थोडी जोरात हवी. म्हणून करंट निवडायची सोय असेल तर २००० एमएएचच्या पेन्सिल सेलाला ५०० ते १००० मिलिअँप ठेवा, छोट्याला ३०० ते ४००. ‘हळू भरलेले बरे’ म्हणून २०० वर ठेवलात तर उतार इतका बारीक होतो की चार्जरला तो हुकू शकतो.

वेळ काढायची रीत: क्षमता भागिले करंट, आणि त्यावर वीस टक्के जास्त. २००० भागिले ५०० म्हणजे ४ तास, अधिक पाऊण तास. हातात साधा २०० मिलिअँपचाच चार्जर असेल तर १४ तासांचा गजर लावा आणि गजर झाला की सेल काढा.

चार्जर ठेवायचा तो फरशीवर किंवा ओट्याच्या दगडावर, वर मोकळी हवा. फ्रिजवर नको, गादीवर नको, मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीत तर मुळीच नको. चाळीस अंशांच्या वर तापलेला सेल नीट भरत नाही. शेवटच्या अर्ध्या तासात सेल कोमट लागणे ठीक आहे. बोटाने धरवत नसेल इतका तापला तर काढून घ्या. विजा कडकडू लागल्या की टीव्हीबरोबर चार्जरचीही पिन काढायची.

आणि साधा सेल चार्जरमध्ये घालायचा नाही. तो फुगतो, पाझरतो, फुटूही शकतो. घरात मुले असतील तर चार्जिंगचे सेल एकाच रंगाचे घ्या. ‘पांढरे ते चार्जरमध्ये, बाकी नाही’ एवढे सहा वर्षांच्या मुलालाही कळते.

५. सेलांना नंबर घाला

पाकीट फोडले की मार्करने प्रत्येक सेलवर लिहा: अ१, अ२, अ३, अ४, मग ब१ पासून पुढे. सोबत महिना आणि साल. अ गटातले सेल एकत्रच वापरायचे, एकत्रच भरायचे. पहिल्यांदा वापरण्यापूर्वी पूर्ण भरा. पूर्ण ताकद दोन-तीन फेऱ्यांनंतर येते.

याचे कारण टॉर्च उघडून बघितला की समजते. तीन सेल रांगेत आहेत, दोन भरलेले, एक जुना अर्धवट. टॉर्च लावला, जुना आधी संपला. दिवा अजून चालूच आहे, कारण बाकीचे दोघे वीज ढकलताहेत, आणि ती वीज आता रिकाम्या सेलातून जबरदस्तीने जाते, त्यामुळे त्याची अधिक-उणे टोके उलटतात. अशा दोन-चार वेळा झाल्या की तो सेल कायमचा गेला. रात्री बंद करायची विसरलेली खेळण्यातली गाडी नेमके हेच करते. साधा आणि चार्जिंगचा सेल एकत्र घालणे तर याहून वाईट.

६. रोजचा वापर, आणि माईक

टॉर्च मंद झाला, खेळणे रेंगाळले की लगेच काढा आणि भरा. ‘पूर्ण संपवूनच चार्ज करायचा’ हा नियम जुन्या निकेल-कॅडमियम सेलांचा, आता उलट नुकसान करतो. अर्धा वापरलेला सेल भरायला काही हरकत नाही.

माईकचे तंत्र वेगळे आहे. दोन पेन्सिल सेलांचा कॉर्डलेस माईक साध्या लाल (स्वस्त, झिंक-कार्बनच्या) सेलांवर आरतीपर्यंत येता येता घोगरा होतो. चार्जिंगवर तो शेवटपर्यंत स्वच्छ वाजतो आणि मग अभंगाच्या मधेच गप्प होतो. सेल एकदम कोसळतो म्हटले ते हेच. म्हणून माईकच्या दिव्याची वाट बघायची नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दोन जोड्या भरा. एक माईकमध्ये, दुसरी पेटीवाल्याजवळ डबीत. मध्यंतराला, किंवा मध्यंतर नसेल तर गजर सुरू होण्यापूर्वी, जोडी बदला, पहिली संपली नसली तरी. एक जोडी किती तास चालते ते घरी एकदा माईक चालू ठेवून मोजा आणि माईकच्या बुडाला चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

सुटे सेल खिशात नाण्यांबरोबर किंवा किल्ल्यांबरोबर टाकू नका. हे सेल एकदम खूप वीज सोडू शकतात; किल्ली दोन्ही टोकांना टेकली तर खिशातच चटका बसेल इतकी तापते.

७. पावसाळा

समुद्रालगतच्या गावांत खारे वारे आणि जूनपासूनची दमट हवा सेलांपेक्षा पत्र्यांना जास्त खाते. टॉर्च पेटत नसेल तर सेलांवर संशय घेण्यापूर्वी झाकण उघडून स्प्रिंग बघा.

हिरवट थर असेल तर नुसता गंज: कापसाच्या काडीला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून पुसा, नाहीतर कोरड्या खोडरबराने घासा. पांढरा खरपुडा म्हणजे सेल पाझरलाय. तो अल्कलाइनचा असेल तर क्षार आहे. काडीवर लिंबाचा रस किंवा स्वयंपाकघरातला शिर्को (व्हिनेगर) घ्या, थेंबभरच, फसफस थांबेपर्यंत टिपत राहा, मग ओल्या काडीने पुसा आणि पंख्याखाली पूर्ण वाळवा. साध्या लाल सेलचा पाझर आंबट असतो, त्याला पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा. सोलांचे (कोकमाचे) आगळ मात्र वापरू नका, त्यात मीठ असते आणि गंज दुप्पट वेगाने येतो. डोळ्यांना हात लावायच्या आधी हात धुवा.

भरलेले सेल झाकणाच्या डबीत, सिलिका जेलसह, कपाटात. फ्रिजमध्ये नाही, बाहेर काढताच त्यांच्यावर दव साचते.

वेळापत्रक असे बसवता येते. मिरगाच्या आधी, म्हणजे मेअखेर, सगळे सेल भरून टॉर्चमध्ये घाला. पहिल्या वादळी पावसात माडाची झावळ तारांवर पडून लाईट जाते ती याच दिवसांत. दुसऱ्यांदा चवथीच्या आठवडाभर आधी, म्हणजे माळांना आणि आरतीच्या माईकला पुरतील. तिसऱ्यांदा दिवाळीपूर्वी. लाईट नसताना यूएसबीचा चार्जर पॉवर बँकेवर चालतो, हे पावसात लक्षात असू द्या. चवथीनंतर माळांमधले सेल काढूनच माळा खोक्यात भरा.

८. सेल चार्जर घेत नसेल तर

दिवा लाल लुकलुकतो आणि सेल भरत नाही, तेव्हा आधी टोके पुसा. मग मल्टिमीटर लावा. एक व्होल्टच्या बराच खाली उतरलेला सेल स्मार्ट चार्जर खराब समजून नाकारतो. तो सेल साध्या चार्जरमध्ये पंधरा-वीस मिनिटे ठेवा, समोर बसून, आणि परत स्मार्टमध्ये घाला. बहुतेक वेळा घेतो. दुसऱ्यांदाही नाकारला, किंवा इतर तिघे कोमट असताना हा एकटाच तापला, तर त्याला गटातून काढा.

क्षमता मोजणारा चार्जर असेल तर वर्षातून एकदा मोजा. २००० चा सेल १२०० च्या खाली आला की माईकमधून काढून माऊसमध्ये टाका. तिथे तो आणखी वर्ष-दोन वर्षे काढील.

९. मेलेले सेल

सुक्या कचऱ्यात नाही, आणि परसात पालापाचोळा जाळताना त्या ढिगात तर अजिबात नाही. नगरपालिका किंवा पंचायत घरगुती घातक कचरा वेगळा घेते, त्यात ट्यूबलाईटबरोबर द्या. केंद्राच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेले सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून विकत घेतानाच दुकानदाराला विचारा, जुने घेता का. जुन्या कॉर्डलेस फोनमध्ये आणि ट्रिमरमध्ये निकेल-कॅडमियमचे सेल सापडतात. कॅडमियम विषारी आहे, ते न फोडता तसेच द्या. लिथियमच्या आणि ९ व्होल्टच्या चौकोनी सेलांच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. मेलेल्या सेलवर मार्करने मोठी फुली मारा आणि वेगळ्या बरणीत ठेवा, नाहीतर तोच सेल फिरून परत टॉर्चमध्ये येतो.